अंपायरचा डावा हात

मंडळी, पोस्ट लांब आहे आणि सॉफ्टबॉलची आहे. पण ज्यांची मुलं मैदानावर जातात त्यांनी वेळ काढून वाचा.

गेल्या आठवड्यात आपल्याकडच्या एका शालेय सामन्यात जे झालं ते बऱ्याच जणांनी पाहिलं. शाळांची नावं घेत नाही, दोन्हीकडची माणसं रोजच्या बोलण्यातली आहेत. रनर मुलगी सेकंड बेस ओलांडून थर्डकडे निघाली. शॉर्टस्टॉपला उभी असलेली मुलगी आऊटफिल्डमध्ये गेलेल्या बॉलकडे बघत नेमकी तिच्या वाटेत. धडक झाली, रनर पडली, उठून पळाली आणि थर्ड बेसच्या हातभर अलीकडे टॅग झाली. सगळे ओरडले, आऊट! पंचसर म्हणाले, डेड बॉल, रनरला थर्ड बेस.

झालं. फिल्डिंग टीमचे कोच आत, चार पालक आत. एकच वाक्य पुन्हा पुन्हा: "तिने मुद्दाम केलं नाही!" वीस मिनिटं खेळ बंद. आणि ती शॉर्टस्टॉप पोरगी कोपऱ्यात बसून रडत होती, कारण तिला वाटलं की पंचांनी आपल्याला लबाड ठरवलं.

तिने मुद्दाम केलं नव्हतं, हे शंभर टक्के खरं. आणि निर्णयही शंभर टक्के बरोबर होता. या दोन गोष्टी एकत्र कशा बसतात हे समजायला थोडं मागे जावं लागेल, थेट अमेरिकेत. कारण हा नियम मूळचा बेसबॉलचा. सॉफ्टबॉल म्हणजे 1887 मध्ये शिकागोच्या एका बोट क्लबच्या हॉलमध्ये, बॉक्सिंगचा ग्लोव्ह दोरीने बांधून त्याचा बॉल करून सुरू झालेलं बेसबॉलचं घरगुती भावंड. नियम बरेचसे थोरल्याकडूनच आले.

1890 च्या दशकात बाल्टिमोर ओरिओल्स नावाची टीम जबरदस्त होती. 1894, 95, 96, सलग तीन वर्षं लीग जिंकली. त्यांचा थर्ड बेसमन जॉन मॅकग्रॉ. खेळाडू अव्वल, पण उद्योगही तसेच. रनर थर्डवरून होमकडे निघाला की मागून त्याचा पट्टा धरून ठेवायचा, पायात पाय घालायचा. हे खपत होतं कारण त्या काळी मॅचला बहुतेक वेळा एकच अंपायर असे. त्याची नजर बॉलमागे गेली की त्याच्या पाठीमागे काहीही चालायचं. पीट ब्राउनिंग नावाच्या रनरची एक गोष्ट सांगतात. त्याने म्हणे आधीच पट्ट्याचं बक्कल सोडून ठेवलं, आणि तो होमला पोचला तेव्हा मॅकग्रॉच्या हातात नुसता पट्टा! गोष्ट किती खरी, किती तिखटमीठ लावलेली, देव जाणे. पण अशी गोष्ट रचावीशी वाटली यातच सगळं आलं. नियम होता. बघणारा डोळा नव्हता.

डोळे वाढले, मॅचला दोन, मग चार अंपायर आले, तसे पट्टे धरणं बंद झालं. उरला तो अवघड प्रकार: जिथे कोणाचीच लबाडी नाही, पण वाट अडली आहे.

इथे 2013 ची वर्ल्ड सिरीज आठवते. 26 ऑक्टोबर, सेंट लुईस, तिसरा सामना. कार्डिनल्स विरुद्ध बोस्टन रेड सॉक्स. नववी इनिंग, 4-4 बरोबरी, एक आऊट. थर्डवर मोलिना, सेकंडवर ॲलन क्रेग, पायाच्या दुखापतीतून नुकता परतलेला. बॅटरने मारलेला बॉल पेड्रोयाने झेप घेऊन अडवला, होमला फेकला, मोलिना आऊट. कॅचरने लगेच क्रेगसाठी थर्डला फेकला. थ्रो चुकला, बॉल लेफ्ट फिल्डमध्ये. थर्ड बेसमन मिडलब्रुक्स बॉलसाठी झेपावून पालथा पडलेला, आणि क्रेग उठून होमकडे निघाला तो त्याच्या पायांत अडकून आडवा. पुन्हा उठला, लंगडत होमकडे धावला. लेफ्ट फिल्डमधून थ्रो आला, टॅग त्याच्या आधी लागला. बघणाऱ्याला स्वच्छ आऊट.

पण थर्ड बेसचे अंपायर जिम जॉयस यांनी क्रेग पडला त्याच क्षणी त्या जागेकडे बोट करून ऑब्स्ट्रक्शन दिलं होतं. होम प्लेटच्या डाना डेम्युथ यांनी ते पाहिलं होतं. त्यांनी सेफ दिलं आणि थर्डकडे बोट दाखवलं. कार्डिनल्स 5-4 ने जिंकले. वर्ल्ड सिरीजचा सामना ऑब्स्ट्रक्शनवर संपण्याची ती पहिलीच वेळ.

बोस्टनचं म्हणणं काय? आपल्या पालकांचंच. तो पडलेला होता, जाणार कुठे? मुद्दाम नाही केलं. अंपायर मंडळींनी सामन्यानंतर पत्रकारांसमोर बसून सांगितलं की हेतूचा इथे संबंधच नाही. (हेच जॉयस 2010 मध्ये शेवटच्या बॅटरला चुकून सेफ देऊन गालारागाचा परफेक्ट गेम घालवून बसले होते आणि रडत रडत चूक कबूल केली होती. असा माणूस तीन वर्षांनी वर्ल्ड सिरीजच्या नवव्या इनिंगमध्ये क्षणभरही न अडखळता बोट दाखवतो, याचं मला फार वाटतं.) आणि हो, सिरीज शेवटी बोस्टननेच 4-2 ने जिंकली.

आपल्या डोक्यात गोंधळ होतो तो क्रिकेटमुळे. क्रिकेटचा कायदा म्हणतो, फिल्डरने जाणूनबुजून बॅट्समनला अडवलं तर पाच रन दंड. म्हणजे अंपायरने आधी मन वाचायचं. 2015 ला मीरपूरमध्ये धोनी आणि मुस्तफिजुर यांची धडक आठवते ना? बॉलर वाटेत, धोनीचा खांदा त्याला लागला. नंतर दोघांनाही दंड, धोनीला मॅच फीच्या 75 टक्के आणि मुस्तफिजुरला 50. वाट कोणाची होती याचा हिशेब मैदानावर झालाच नाही, खोलीत बसून शिक्षा झाली. त्यामुळे अडथळा म्हटलं की आपल्याला गुन्हेगार शोधायची सवय.

सॉफ्टबॉलमध्ये ऑब्स्ट्रक्शन ही शिक्षाच नाही. भरपाई आहे. फिल्डरच्या हातात बॉल नाही, ती मारलेला बॉल अडवायच्या प्रयत्नातही नाही, आणि तिच्यामुळे रनरचा वेग तुटला, की झालं. धडक लागलीच पाहिजे असंही नाही. रनरला वळसा घ्यावा लागला, ती थबकली, तरी पुरे. हातात बॉल नसताना टॅगचं नाटक केलं तरी ऑब्स्ट्रक्शनच.

पूर्वी फिल्डरला एक पळवाट होती: बॉल "येण्याच्या बेतात" असेल तर वाटेत उभं राहिलं तरी चालायचं. आता बेतात म्हणजे किती? दहा फूट? वीस? प्रत्येक पंचाचं माप वेगळं. 2004 च्या सुमारास अमेरिकेच्या एमॅच्युअर सॉफ्टबॉल असोसिएशनने ते शब्दच काढून टाकले. बॉल हातात हवा, नाहीतर वाट सोड. बेसबॉलमध्ये बेस 90 फुटांवर, सॉफ्टबॉलमध्ये 60. एवढ्या जवळ सगळं घडतं की कडक नियमाशिवाय गुडघे शाबूत राहणार नाहीत. बेसबॉलला होम प्लेटवरच्या धडकांबाबत ही अक्कल 2014 ला आली, तीही 2011 मध्ये बस्टर पोझी या कॅचरचा पाय मोडल्यावर.

आता पंच करतात काय ते बघा, कारण भांडण तिथेच होतं. ऑब्स्ट्रक्शन दिसलं की पंच खेळ थांबवत नाहीत. डावा हात आडवा, मूठ बंद. खेळ चालू. मनात एकच प्रश्न: अडथळा नसता तर ही मुलगी कुठल्या बेसपर्यंत पोचली असती? ती स्वतःहून तिथे पोचली, तर हात खाली, विषय संपला, प्रेक्षकांना कळतही नाही. त्याआधीच टॅग झाली तर डेड बॉल आणि तो बेस तिला. पण फुकट एक बेस जास्त मिळतो हा समज चुकीचा. पंचांच्या मते ती सेकंडपर्यंतच पोचली असती आणि ती हावरेपणाने थर्डला पळून आऊट झाली, तर आऊट ते आऊट. ज्या दोन बेसच्या मध्ये अडवलं गेलं, त्या टप्प्यात मात्र तिला आऊट करता येत नाही, अपवाद थोडे. तिने कॅच व्हायच्या आधी बेस सोडला किंवा स्वतःच कुणाला अडवलं, तर संरक्षण जातं.

म्हणजे त्या दिवशी पंचसरांनी एवढंच ठरवलं: धडक नसती तर पोरगी थर्डला पोचली असती. हातभर अंतराने आऊट झालेली मुलगी पोचलीच असती, हे कोणीही सांगेल. शॉर्टस्टॉपच्या चारित्र्यावर त्यांनी काहीच लिहिलं नव्हतं. तो अर्थ आपण मोठ्यांनी आत घुसून काढला, आणि तिला रडवलं.

आणखी एक गोष्ट, आयोजकांसाठी. त्या सामन्याला पंच एकच होते. सेकंडजवळची धडक त्यांना दिसली हे नशीब. तीच जर ते होम प्लेटकडे वळलेले असताना झाली असती तर? आपल्या मैदानावर पंचांच्या बाबतीत अजून 1890 चं साल चालू आहे. ट्रॉफ्या, बॅनर, पाहुण्यांच्या शाली यांना पैसे असतात. दुसऱ्या पंचाचं मानधन त्यात सहज बसतं. पुढच्या महिन्यात नियोजनाची बैठक आहे, मी हा विषय मांडणार आहे. ज्यांना पटतं त्यांनी या.

त्या दिवशी आत गेलेल्या पालकांपैकी दोघं ही पोस्ट वाचतील हे माहीत आहे. राग नको दादा. कमेंटमध्ये भांडा, उत्तर देतो. फक्त त्या पोरीला घरी एकदा सांगा की पंचांनी तिला काहीही म्हटलेलं नाही.