उन्हाळी छावणीची न लिहिलेली कादंबरी

अमेरिकन कुमारसाहित्यात उन्हाळी छावणीची कादंबरी हा एक रुळलेला प्रकार आहे. तेरा-चौदा वर्षांची मुलगी रानातल्या छावणीत जाते, पहिले काही दिवस रडवेली पत्रे घरी धाडते, मग मैत्रिणी जोडते आणि सुटी सरताना तिचा पाय तिथून निघत नाही. या छावण्यांचा आरंभ बहुधा १८६१ पासून मोजतात. त्या वर्षी कनेक्टिकटमधील फ्रेडरिक गन या शिक्षकाने आपल्या शाळेतील मुलांना मुक्कामी बाहेर नेले होते.

मराठीत हा प्रकार रुजला नाही. आपला मे महिना मामाच्या गावाचा. घराबाहेरच्या मुक्त आयुष्याची हौस भा. रा. भागवतांनी वसतिगृहावर भागवली. त्यांचा फास्टर फेणे फुरसुंगीहून पुण्याला शिकायला येतो. छावणीची कथा आपल्याकडे घडलीच नाही, असे मात्र नव्हे. पुण्याहून दौंडकडे जाताना खुटबाव या लहानशा स्थानकानंतर केडगाव लागते. ती कथा तिथली आहे, आणि तिचे पहिले प्रकरण लोणावळ्याचे.

एप्रिल १८९५ मध्ये लोणावळ्याच्या रानात भरलेल्या ख्रिस्ती मेळाव्याला पंडिता रमाबाई शारदासदनातील १५ मुलींना घेऊन गेल्या. या मुली ख्रिस्ती झालेल्या होत्या. त्यांची संख्या १५ पट, म्हणजे २२५ व्हावी, अशी प्रार्थना आपण तिथे केल्याचे रमाबाईंनीच नमूद केले आहे. मुलींना त्या रानात काय वाटले, हे कुणी लिहून ठेवल्याचे माझ्या वाचनात नाही. धर्मांतराच्या प्रश्नावरून रानडे-भांडारकरांनी १८९३ मध्येच सदनाशी संबंध तोडला होता. पुण्यातील वादात या मुली पुरावा म्हणून वावरतात, माणसे म्हणून फारशा नाहीत. हा दोष दोन्ही पक्षांचा.

पुढे दुष्काळ पडला. १८९७ च्या सुमारास मध्य प्रांतातून रमाबाईंनी शेकडो मुली आणल्या. प्लेगच्या निर्बंधांमुळे त्यांना पुण्यात ठेवणे अशक्य झाले, तेव्हा केडगावच्या जमिनीवर घाईने निवारे उभे राहिले. घरापासून दूर, अनोळखी मुलींची सोबत, नवे नियम, वडीलधाऱ्या बायकांची देखरेख: कादंबरीचा सगळा सरंजाम इथे हजर आहे. नाहीत ती फक्त घरची पत्रे. कित्येकींचे आईबाप दुष्काळात गेलेले. अमेरिकन नायिकेचे सारे धाडस परतीच्या गाडीच्या भरवशावर चालते. केडगावच्या मुलीला ती गाडीच नव्हती. म्हणूनच ही कथा त्या साच्यात बसत नाही, आणि म्हणूनच ती लिहायला हवी होती.

या वस्तीचे पुढे मुक्तिसदन झाले. तिथे छापखाना निघाला. रमाबाईंनी केलेल्या बायबलच्या मराठी भाषांतराचे खिळे तिथल्याच मुलींनी जुळवले.