गोडेतेलाच्या डब्याचं ठिगळ

आमच्याकडं शेतकऱ्याच्या दारात फटफटी आली ती राजदूत नाहीतर येझदी. दोन्ही टू-स्ट्रोक. पेट्रोलात ऑइल मिसळायचं आन् मागं निळा धूर सोडत जायचं. त्यांचा सायलेन्सर काजळीनं तुंबायचा. मग तो काढून गोवऱ्यांच्या आहारात भाजायचा, लाकडावर आपटून झाडायचा, की झालं.

१९८५ साली सीडी १०० आली आणि पुढं कमी पेट्रोलात लांब जाणाऱ्या फोर-स्ट्रोक गाड्या गावोगाव झाल्या. त्यांच्या सायलेन्सरात तेलाचा ओशटपणा नसतो, म्हणून आतनं गंज धरतो. १९९६ साली मी अशीच एक जुनी गाडी घेतली. सकाळ-संध्याकाळ दुधाचे कॅन घेऊन डेअरीपर्यंत जायचं, दीड किलोमीटर. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ लिटरभर पाणी तयार होतं, हे मला मिस्त्रीनं सांगितलं तेव्हा खरंच वाटलं नाही. लांब पल्ला मारला तर सायलेन्सर तापून वाफ बाहेर जाते. दीड किलोमीटरात तो तापतोच कुठं? पाणी आतच बसतं.

त्यात माझा शहाणपणा. सायलेन्सरच्या बुडाला बारीक छिद्र दिसलं. म्हटलं, भोक पडायला लागलं. साबण आन् चिंधी कोंबून बुजवलं. ते छिद्र पाणी निथळावं म्हणून कारखान्यातच पाडलेलं होतं! दोन पावसाळ्यांत बूड कुजलं आणि भोक कडेनं वर चढलं. गाडी कोपऱ्यावर असतानाच घरी चहाचं आधण चढायचं, एवढा आवाज.

वेल्डिंगवाल्यानं स्क्रू-ड्रायव्हरनं टोचून बघितलं. म्हणाला, "दाजी, पत्रा कागद झालाय. जोड धरू कुठं?" नवा सायलेन्सर उसाचं बिल आल्यावर.

आधी पाण्याच्या पायपाला लावतात तो दोन रंगांचा मसाला लावला. तो पहिल्याच दिवशी करपून पडला. मग गोडेतेलाचा रिकामा डबा कापला. भोकाभोवतीचा गंज घासला, चुलीला लिंपतो तशी चिकणमाती थापली, वरनं पत्रा गुंडाळला आणि मोटारीच्या सक्शन पायपाच्या दोन क्लिपा आवळल्या. माती हळूहळू वाळवावी लागते. गाडी लगेच पळवली तर वाफेनं फुगून फुटते. नीट वाळली की खापरासारखी होते, पण हादऱ्यानं तडकते. पंधरा दिवसांनी पुन्हा लिंपण. इंजिनाची अॅस्बेस्टॉसची दोरीही एकदा गुंडाळली. ती धूळ फुप्फुसाला वाईट, हे तेव्हा कुणाला माहीत?

असं करत मार्च आला. थोरलीची दहावीची परीक्षा, केंद्र तालुक्याला, अकरा किलोमीटर. मराठीच्या पेपराला निघालो. ती दोन्हीकडं पाय टाकून मागं बसली. सायलेन्सर उजवीकडं. ओढ्याच्या उतारावर पुढची क्लिप सुटली, तापलेला पत्रा उलगडला आणि तिच्या पोटरीला लागला. मला आवाजात काही कळेना. तिनं पाठीवर बुक्की मारली तेव्हा थांबलो. ओढ्याचं पाणी बराच वेळ पायावर ओतलं. म्हटलं, माघारी जाऊ. ती म्हणाली, "आण्णा, घंटा व्हायची. चला."

पत्रा तिथंच बाभळीखाली टाकला आणि उघड्या भोकानं ढगासारखं गडगडत केंद्रावर पोचलो. गेटावरचे पोलीसदादा बघत राहिले, बोलले नाहीत. ती लंगडत आत गेली. मी तसाच बाजारात गेलो, ओळखीच्या दुकानदाराकडं उधारीवर नवा सायलेन्सर मागितला. पेपर सुटायच्या आत तो गाडीला लागला.

तिला मराठीत ७१ पडले. पोटरीवर रुपयाएवढा डाग अजून आहे. जत्रेला आली की पोरांना दाखवते, "हे बघा, तुमच्या आजोबांचं वेल्डिंग."