तबकडीवरची मोकळी जागा

रिमिक्स हा शब्द आपल्याकडे जरा बदनाम आहे. आवडत्या जुन्या हिंदी गाण्याला ठोक्यांची फोडणी दिली की रिमिक्स तयार, अशी समजूत २००० नंतरच्या काही वर्षांत पक्की झाली, आणि तिला कारणेही होती. पण या शब्दामागचा इतिहास वेगळा आहे. तो मुख्यतः न्यूयॉर्कच्या नृत्यगृहांत १९७० च्या दशकात घडला आणि त्याच्या मुळाशी भूमितीचा एक साधा प्रश्न होता : तबकडीवर जागा किती?

मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटेच मावत. अब्दुल करीम खाँसाहेबांना रागाचे सारे रूप तेवढ्यात बसवावे लागले, हे आपल्या परिचयाचे आहे. पुढे १९४९ साली अमेरिकेत ४५ फेऱ्यांची, सात इंच व्यासाची छोटी तबकडी आली. तिनेही गाण्याला साधारण तीन मिनिटेच दिली, आणि रेडिओवाल्यांना ती सोयीची वाटली. अडचण झाली ती नाचणाऱ्यांची. अंगात लय भिनते न भिनते तोच गाणे संपायचे.

ही अडचण टॉम मोल्टन या तरुणाने हेरली. गाणे बदलताच माणसे नाच सोडून बाजूला होतात, हे त्याने न्यूयॉर्कजवळच्या फायर आयलंडवर पाहिले. मग गाण्यांचे तुकडे कापून-जोडून त्याने ४५ मिनिटांची सलग ध्वनिफीत तयार केली. तिला सुमारे ८० तास लागले. एवढा वेळ का लागावा? स्टुडिओतील फीत सेकंदाला ३८ सेंटिमीटर वेगाने धावते असे समजू. मिनिटाला १२० ठोके असतील तर एक ठोका अर्ध्या सेकंदाचा, म्हणजे १९ सेंटिमीटर फितीचा. जोड एक सेंटिमीटरने चुकला तर ठोका सेकंदाच्या अडतिसाव्या भागाने सरकतो आणि नाचणाऱ्याचा पाय अडखळतो. ब्लेड, चिकटपट्टी आणि कान, एवढीच साधने. हे गणित आठवी-नववीच्या मुलांना जरूर घालावे.

मोल्टनची आणखी एक युक्ती शास्त्राच्या शिक्षकांना आवडावी अशी आहे. डॉन डाउनिंगच्या एका गाण्यात मध्येच स्वर वर चढत होता. गाणे लांबवायचे तर आधीचा भाग पुन्हा घ्यायला हवा. पण वरच्या स्वरातून एकदम खालच्या स्वरात आले की कानाला धक्का बसतो. मोल्टनने मधल्या जागेत सगळी सुरेल वाद्ये काढून फक्त तालवाद्ये ठेवली. ड्रम आणि झांजा यांना गाण्याच्या पट्टीशी बांधलेला स्वर नसतो, त्यामुळे तेवढ्या वेळात कान आधीची पट्टी विसरतो. ही केवळ डागडुजी होती, पण नाचणाऱ्यांना तोच भाग सर्वांत आवडला आणि पुढे नृत्यसंगीतात तो रुळूनच गेला.

आता तबकडीकडे वळू. १९७० च्या दशकाच्या मध्यावर मोल्टन एका गाण्याची नमुना-तबकडी कापून घ्यायला होजे रॉड्रिगेझ या तंत्रज्ञाकडे गेला. त्या दिवशी सात इंची कोऱ्या तबकड्या संपल्या होत्या, म्हणून दहा इंचीवर काम भागवले. एवढ्या मोठ्या तबकडीवर गाण्याचा चिंचोळा पट्टा विचित्र दिसू लागला, तेव्हा खाचा पसरून कापाव्यात असे ठरले. खाचांना जागा मिळाल्याने आवाजही वाढवता आला. तबकडी वाजवली आणि दोघांनाही फरक कळला. लवकरच दहाचे बारा इंच झाले.

फरक का पडला, ते पाहू. तबकडीची खाच आवाजाबरोबर डावी-उजवीकडे नागमोडी हलते. सुईच्या हालचालीचा वेग तोच ठेवला, तर ५० हर्ट्झचा खर्ज १००० हर्ट्झच्या स्वरापेक्षा २० पट रुंद वळण घेतो. म्हणून कापताना खर्ज दाबतात आणि वाजवताना तो पुन्हा उचलतात, तरीही सर्वांत जास्त जागा तोच खातो. सात इंची तबकडीवर खाचांसाठी जेमतेम तीन सेंटिमीटरचा पट्टा असतो. तीन मिनिटांच्या गाण्याचे १३५ फेरे होतात, म्हणजे दर फेऱ्याला ०.२२ मिलिमीटर. गाणे सहा मिनिटांचे केले की उरतात ०.११. मग खर्ज आणखी दाबा, नाहीतर एक खाच शेजारच्या खाचेत घुसेल आणि सुई उडी मारेल. बारा इंची तबकडीवर मात्र पट्टा साडेआठ सेंटिमीटरचा. तेच सहा मिनिटांचे गाणे त्याच ४५ फेऱ्यांनी फिरले तरी दर फेऱ्याला ०.३ मिलिमीटरहून अधिक जागा मिळते. शिवाय कडेपाशी सुईखालून सेकंदाला सुमारे ६९ सेंटिमीटर खाच सरकते. सात इंचीच्या आतल्या टोकाला हा वेग २५ असतो. तार स्वरांच्या बारीक लाटांनाही पसरायला जागा मिळाली. म्हणजे गाणे लांब झाले, घुमू लागले आणि स्वच्छही झाले.

१९७६ साली सॅलसोल कंपनीने डबल एक्स्पोजर या गटाचे ‘टेन पर्सेंट’ हे गाणे बारा इंची तबकडीवर दुकानांत आणले. सर्वसामान्यांना विकत मिळालेली अशी पहिली तबकडी म्हणून तिचे नाव घेतात. तिच्यावरचे नऊ मिनिटांहून लांब रूप वॉल्टर गिबन्सने घडवले होते. तो संगीतकार नव्हता, नृत्यगृहात तबकड्या लावणारा डीजे होता. आमच्या मते खरा बदल इथे आहे. गाण्याचे अंतिम रूप ठरवण्याचा अधिकार प्रथमच श्रोत्यांच्या पायांकडे बघत बसणाऱ्या माणसाला मिळाला. पुढच्याच वर्षी ‘हिट अँड रन’ या गाण्यात गिबन्सने गायिकेच्या ओळीसुद्धा गाळल्या आणि गाणे ११ मिनिटांवर नेले. जमैकात असेच काम थोडे आधी, वेगळ्या वाटेने चालू होते. किंग टबी नावाने ओळखला जाणारा किंग्स्टनचा एक विजेची उपकरणे दुरुस्त करणारा कारागीर गाण्यातून आवाज वजा करत, उरलेल्यांना प्रतिध्वनी देत नवी रूपे काढत होता.

या तबकड्या आज दुर्मिळ का? मुळात त्या कलाकृती म्हणून जपायला काढलेल्याच नव्हत्या, त्या कामाची हत्यारे होती. १९७५ साली न्यूयॉर्कच्या डीजेंनी एक मंडळ काढले. कंपन्यांनी त्यांना नव्या तबकड्या फुकट द्यायच्या आणि गाणे चालते की नाही ते त्यांनी कळवायचे, असा व्यवहार होता. त्यामुळे कितीतरी रूपे ‘विक्रीसाठी नाही’ असा शिक्का मारून मोजक्याच प्रतींत निघाली. ब्रिटनमध्ये १९८३ पासून डीएमसी ही संस्था वर्गणीदार डीजेंपुरतीच रिमिक्स काढू लागली. काही रूपे तर तेवढीही छापली गेली नाहीत. ॲल्युमिनियमच्या चकतीवर लॅकरचा मऊ थर देऊन कापलेली एकच प्रत, आणि तीही काही डझन वेळा वाजवली की झिजणारी. जितकी लोकप्रिय, तितकी लवकर नष्ट!

काही तर ठरवून नष्ट केल्या. १२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या कोमिस्की पार्क मैदानावर बेसबॉलच्या दोन सामन्यांमधल्या वेळात डिस्कोच्या तबकड्यांची पेटी स्फोटाने उडवण्यात आली. प्रेक्षक मैदानात घुसले आणि दुसरा सामना होऊ शकला नाही. हे संगीत मुख्यतः कृष्णवर्णीय, लॅटिन आणि समलिंगी लोकांच्या नृत्यगृहांत वाढले होते. राग नुसत्या ठोक्यांवर नव्हता, असे पुष्कळ अभ्यासक म्हणतात आणि ते आम्हाला पटते. गंमत अशी, की त्याच शहरात फ्रँकी नकल्स हा डीजे जुन्या डिस्को गाण्यांच्या फिती कापून-जोडून वाजवत होता आणि त्यातूनच पुढे ‘हाउस’ संगीत जन्मले.

कंपन्यांकडे मूळ फिती असतील, मग तबकड्यांची चिंता कशाला, असे कोणी विचारेल. पण त्या काळच्या अनेक फितींचा चिकट थर दमट हवेत सुटू लागतो. त्या मंद आचेवर, ५० अंश सेल्सिअसच्या आसपास, तासन्‌तास ‘भाजून’ मगच वाजवाव्या लागतात. २००८ साली युनिव्हर्सल स्टुडिओला लागलेल्या आगीत अनेक मूळ फिती जळून गेल्या. त्यातच गिबन्स १९९४ साली वारला आणि त्याच्याच पिढीतला नावाजलेला डीजे लॅरी लेव्हान १९९२ साली. कुठला तुकडा कुठे जोडला, हे सांगणारे हात फारसे उरलेले नाहीत. अशा वेळी कोणाच्या तरी माळ्यावरची खरखरणारी तबकडी हाच मूळ दस्तऐवज ठरतो. शिलालेखाचा दगड फुटला तर ठसा जपावा लागतो, तसे हे आहे.

शाळेत एखादी टाकाऊ तबकडी मिळाली तर कागदाच्या शंकूला टाचणी लावून ती वाजवून दाखवावी. खाच ओरखडली जाईल, म्हणून चांगली तबकडी वापरू नये. आधी ती उन्हात तिरपी धरावी. जोरकस खर्जाच्या जागी खाचा रुंद झालेल्या दिसतात आणि शांत जागी दाट होतात. मग गाणे संपल्यानंतरच्या गुळगुळीत कड्याकडे बघावे. तिथे साच्याचा क्रमांक असतो, आणि कधी कधी त्याच्या शेजारी, तबकडी कापणाऱ्या तंत्रज्ञाने सुईने कोरलेली आपल्या नावाची आद्याक्षरे.