जुनेच पान दिसतेय? कॅशे साफ करून पाहा

शिष्यवृत्तीची मुदत वाढली, सूचना संकेतस्थळावर लागली, पण पुसद किंवा वणीतल्या एखाद्या विद्यार्थ्याच्या मोबाइलवर जुनीच तारीख दिसत राहिली, असे होऊ शकते. मुदत संपली समजून त्याने अर्ज भरलाच नाही, तर वर्षाच्या फीचा प्रश्न उभा राहतो. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर ऑनलाइनच भरावा लागतो. म्हणून ही माहिती आम्ही देत आहोत.

एकदा उघडलेल्या पानाचा मजकूर, चित्रे, फाइली ब्राउझर मोबाइलमध्येच साठवून ठेवतो. या साठ्याला कॅशे म्हणतात. पुढच्या वेळी तीच प्रत दाखवली जाते. त्यात डेटा वाचतो, रेंज कमी असलेल्या गावातही पान लवकर उघडते. म्हणजे सोय चांगलीच आहे. प्रत किती वेळ वापरायची ते संकेतस्थळ ब्राउझरला सेकंदांत सांगते. ३६०० म्हणजे एक तास, ८६४०० म्हणजे पूर्ण दिवस. तेवढ्या वेळात पान बदलले तरी तुम्हाला जुनेच दिसू शकते.

सगळे पुसण्याआधी साधा उपाय करा. कॉम्प्युटरवर कंट्रोल आणि एफ५ ही बटणे एकत्र दाबा; ब्राउझर साठा बाजूला ठेवून पान नव्याने आणतो. मोबाइलवर तेच पान इन्कॉग्निटोमध्ये उघडून पाहा. तिथे नवी तारीख दिसली, तर दोष कॅशेचाच.

मग क्रोममध्ये वरचे तीन ठिपके, हिस्ट्री, ब्राउझिंग डेटा डिलीट करण्याचा पर्याय, असे जा. कॉम्प्युटरवर कंट्रोल, शिफ्ट, डिलीट दाबले की तिथेच पोहोचता. फक्त ‘कॅश्ड इमेजेस अँड फाइल्स’वर खूण ठेवा. कुकीजवरची खूण काढा, नाहीतर सगळीकडे पुन्हा लॉगिन करावे लागेल. पासवर्ड आठवत नसेल तर शेवटच्या दिवशी तीच मोठी अडचण. नेट कॅफेत मात्र उलट: काम झाले की लॉगआउट करा आणि कुकीजसकट सगळे पुसा.

डाउनलोड करून ठेवलेली पीडीएफ आणि व्हॉट्सअॅपवर फिरणारा स्क्रीनशॉट यांना कॅशे साफ केल्याने काहीही होत नाही. ते जुनेच राहतात. परिपत्रक पुन्हा डाउनलोड करा, त्यावरची तारीख वाचा. कधी जुनी प्रत संकेतस्थळाच्या सर्व्हरवरच अडकलेली असते. तेव्हा आपल्या हाती काही नसते. महाविद्यालयातील शिष्यवृत्ती विभागात किंवा सहायक आयुक्त, समाज कल्याण यांच्या कार्यालयात तारीख विचारून घ्यावी.