महाराज नंदकुमाराच्या प्रकरणांतील दोन फारसी कागद

शिक्का जुळला म्हणजे कागद अस्सल, अक्षर जुळलें नाहीं म्हणजे बनावट, असा निर्णय देण्याची संवय आम्हां कागद जमविणाऱ्यांस फार आहे. हे दोन्ही निकष किती अपुरे आहेत हें सन १७७५ मध्यें कलकत्त्यास पुढें आलेल्या दोन कागदांवरून दिसतें.

पहिला कागद लांचेचा. मुन्नी बेगमेस बाल नबाबाची पालक व आपला पुत्र गुरुदास यास दिवाण नेमण्याबद्दल वॉरन हेस्टिंग्जनें ३,५४,१०५ रुपये घेतले, असा नंदकुमाराचा आरोप फ्रान्सिसनें ११ मार्च रोजीं कौन्सिलापुढें ठेविला. १३ मार्चला नंदकुमारानें बेगमेचें म्हणून एक पत्र हजर केलें. तिच्या दुसऱ्या पत्राशीं ताडून पाहतां शिक्का जुळला, अक्षर मात्र जुळेना. तथापि कौन्सिलांतील बहुमतानें आरोप शाबीत धरिला.

दुसरा कागद बुलाकीदासाच्या नांवचा, ४८,०२१ रुपयांचा रोखा. तो बनावट केल्याच्या आरोपावरून नंदकुमारास ६ मे रोजीं अटक झाली. रोख्यावर साक्षीदार म्हणून उमटलेला शिक्का माझाच, परंतु तो पूर्वींच मीं नंदकुमाराकडे पाठविला होता व परत मिळाला नाहीं, अशी कमालुद्दीनानें साक्ष दिली. साक्षीदार तो नव्हेच, महंमद कमाल नांवाचा दुसरा मयत इसम होय, असें बचावाचें म्हणणें. ५ ऑगस्टला नंदकुमारास फांशी झाली.

आतां विचार करावा. दरबारी पत्राचा मजकूर मुनशीच्या हातचा असतो. आपल्या दप्तरांतही अक्षर कारकुनाचें व शिक्का धन्याचा. म्हणून केवळ अक्षरभेदानें बेगमेचें पत्र खोटें ठरत नाहीं. उलटपक्षीं कमालुद्दीनाची साक्ष खरी मानिली तर शिक्का धन्यावांचूनही उमटूं शकतो. मग शिक्का जुळल्यानें तें पत्र खरेंही ठरत नाहीं. एका कागदास एक न्याय व दुसऱ्यास दुसरा, असें करतां येणार नाहीं.

स्टीफननें १८८५ मध्यें न्यायाधीशांची बाजू मांडली. बेव्हरिजनें १८८६ मध्यें या फांशीस न्यायाच्या नांवाखालीं केलेला खून म्हटलें. आमच्या मतें बेगमेचें पत्र असिद्ध आहे. परंतु मेजवानीखर्च म्हणून दीड लाख रुपये मिळाल्याचें हेस्टिंग्जनेंही नाकारलें नाहीं. म्हणजे पत्र बाजूस ठेविलें तरी आरोप सर्वस्वीं निराधार होत नाहीं. सबब संग्राहकांनीं शिक्का व अक्षर यांबरोबरच तो शिक्का कोणाच्या हातीं होता, मजकूर कोणी लिहिला व कागद कोठून आला, याचीही नोंद ठेवावी, अशी आमची विनंती आहे.