विजेची गुणगुण

जुन्या व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरचं बटण फिरवलं, की गाण्याच्या आधी एक बारीक 'घूं' ऐकू येते. दुरुस्तीच्या दुकानात तिला 'हमिंग' म्हणतात. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, म्हणून ही घूं ५० ची असते किंवा त्याच्या दुपटीची, १०० ची. पेटीवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर पांढरी पाचच्या अगदी जवळ, पण खोल खर्जात. गायक काळी एकमध्ये गात असला, तरी हिची पट्टी बदलत नाही!

गंमत अशी, की सुरुवातीच्या रेडिओत ही घूं नव्हतीच. ली डी फॉरेस्टनं १९०६ मध्ये तीन अवयवांचा व्हॉल्व्ह केला. त्यानंतरची जवळजवळ वीस वर्षं रेडिओ बॅटरीवर चालले. व्हॉल्व्हची तार तापवायला एक ॲसिडची बॅटरी आणि वरच्या दाबासाठी दुसरी. बॅटरीची वीज शांत, एका दिशेनं वाहणारी. पण ती बॅटरी उचलून चार्जिंगला न्यायची, ॲसिड सांभाळायचं आणि वर खर्च करायचा. घरात विजेचा दिवा आणि रेडिओसाठी मात्र बॅटरी, हे लोकांना पटेना.

भिंतीतली वीज सरळ व्हॉल्व्हला दिली तर काय होतं? ती क्षणोक्षणी उलटसुलट होते. तिच्यासोबत बारीक तार गरम-थंड होत राहते आणि तेच कर्ण्यातून ऐकू येतं. टोरांटोच्या एडवर्ड रॉजर्स या तरुणाला हे कोडं आपल्यापेक्षा अवघड होतं, कारण तिथली वीज तेव्हा २५ आवर्तनांची होती. आवर्तनं जितकी सावकाश, तितका तारेला थंड व्हायला वेळ जास्त. १९२४ मध्ये त्यानं अमेरिकेतल्या मॅक्‌कलो यांच्या एका अपुऱ्या व्हॉल्व्हचे हक्क घेतले, तो सुधारला आणि १९२५ मध्ये बॅटरीशिवाय चालणारा रेडिओ बाजारात आणला. युक्ती साधी होती. तापणारी तार वेगळी, आणि तिच्याभोवती इलेक्ट्रॉन सोडणारी नळी वेगळी. चुलीतला जाळ कमीजास्त होतो, पण जाड तवा ते भाकरीला कळू देत नाही, तसंच. १९२७ मध्ये टोरांटोत जे रेडिओ केंद्र निघालं, त्याच्या 'सीएफआरबी' या नावातले आर आणि बी म्हणजे 'रॉजर्स बॅटरीलेस'. एका घरघरीवरच्या विजयाचं नाव अख्ख्या केंद्राला मिळालं! रॉजर्स १९३९ मध्ये गेला, चाळिशीही न गाठता.

रेडिओपुरतं हे भागलं. खरी परीक्षा झाली ती तबकडीच्या प्रीॲम्प्लिफायरमध्ये. सुईकडून येतात जेमतेम पाच मिलिव्होल्ट. ते दोनशे पट तरी वाढवावे लागतात. त्यात तबकडीवर खर्ज मुद्दाम कमी करून कोरलेला असतो, नाहीतर खाचा फार रुंद होतील. १९५४ मध्ये ठरलेल्या प्रमाणानुसार वाजवताना तो पुन्हा उचलायचा: ५० आवर्तनांपाशी मधल्या सुरांच्या सातपट. म्हणजे घूंचं जे घर, तिथंच वाढ सर्वांत मोठी.

मग कारागीर गाळण्या लावत गेले. ट्रान्स्फॉर्मरनंतर रेक्टिफायर वीज एका दिशेची करतो, पण तिला १०० चे हेलकावे राहतात. ते कंडेन्सर आणि चोक शोषून घेतात. पुढं प्रत्येक व्हॉल्व्हच्या वाटेवर एक रेझिस्टर आणि एक कंडेन्सर. २२ हजार ओहम आणि २० मायक्रोफॅरड अशी एक जोडी १०० चा हेलकावा अडीचशे पटींहून जास्त कमी करते. पाणी पदर बदलून पुन्हा पुन्हा गाळावं, तसं. उरते ५० ची, तापणाऱ्या तारांकडून येणारी घूं. तिच्यासाठी तारांना पीळ घालायचा. १९५८ च्या सुमाराच्या मॅरँट्झ मॉडेल ७ मध्ये तर सहाही व्हॉल्व्हच्या तारांना एका दिशेची वीजच दिली होती. तीस वर्षांनी पुन्हा बॅटरीसारखी वीज, फक्त बॅटरी नाही.

आज असा संच कुणाच्या माळ्यावरून उतरतो, तेव्हा कंडेन्सर आतून वाळलेले असतात. घूं १०० ची असेल तर बहुधा दोष त्यांचा. ५० ची असेल तर तापणाऱ्या तारा किंवा अर्थिंग बघायचं. उत्साही मंडळी पहिला कंडेन्सर चांगला दांडगा बसवतात, म्हणजे हमिंग एकदाचं संपेल. इथं जपावं. कित्येक रेक्टिफायर व्हॉल्व्हना ५० मायक्रोफॅरडच्या पुढं झेपत नाही, काहींना तेवढंही नाही; आत ठिणगी उडते आणि आता सहज न मिळणारा व्हॉल्व्ह जातो. माणसालाही धोका आहेच. प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये अडीचशे-तीनशे व्होल्ट रेंगाळतात. ते रेझिस्टर लावून उतरवावेत, मीटरनं शून्य बघावं, मगच हात घालावा.

काही जाणते कारागीर आणखी एक करतात. जुन्या कंडेन्सरचा ॲल्युमिनियमचा डबा कापून पोकळ करतात, आत आजचा बोटाएवढा कंडेन्सर बसवतात आणि डबा पुन्हा जोडून टाकतात. वरून साठ वर्षांपूर्वीचं लेबल तसंच.