बोर्डिंग : आपल्या पोरांच्या पहिल्या हक्काच्या जागेचा इतिहास

आपल्या वस्तीतल्या साठी ओलांडलेल्या कोणत्याही शिकल्यासवरल्या माणसाला विचारून पाहा, "दादा, तुम्ही शिकलात कुठं?" तो आधी शाळेचे नाव सांगणार नाही, बोर्डिंगचे सांगेल. "मी अमक्या बोर्डिंगचा," असे म्हणताना त्याच्या तोंडावर जे येते, ते गावाचे नाव सांगताना येत नाही. गाव त्याचे होते खरे, पण गावाने त्याला आपले म्हटले नव्हते. या स्मरणिकेत विहाराच्या वाटचालीबद्दल इतर मंडळींनी लिहिलेच आहे. मी बोर्डिंगबद्दल लिहितो. आपल्यातली पुष्कळ घरे एका लोखंडी ट्रंकेतून आणि एका वळकटीतून उभी राहिली आहेत, आणि तो इतिहास हळूहळू विसरला जात आहे.

शाळेचा दरवाजा कागदावर उघडला म्हणून पोर शिकते असे नाही. खेड्यातली शाळा चौथीपर्यंत. पुढे तालुक्याला जायचे. पण जाऊन राहायचे कुठे? खानावळीत घेत नाहीत, खोली कोणी देत नाही, पाणवठ्यावर पाणी भरू देत नाहीत. रावबहादूर सी. के. बोले यांनी ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदे कौन्सिलात ठराव पास करून घेतला की सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, सरकारी शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. ठराव झाला, पण गावोगावचे पाणवठे बंदच राहिले. त्याचसाठी १९२७ साली महाडला जावे लागले, हे आपल्या लेकराबाळांनाही ठाऊक आहे. पाण्यासाठी सत्याग्रह तरी करता येतो. रात्री निजायला जागा नसलेल्या बारा वर्षांच्या पोराने कोणता सत्याग्रह करायचा?

हे आधी ज्यांच्या ध्यानात आले त्यांत कोल्हापूरचे शाहू महाराज आणि महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांची नावे घेतलीच पाहिजेत. शिंद्यांनी १९०६ साली मुंबईत डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढले. महाराजांनी निरनिराळ्या जातींच्या मुलांसाठी वसतिगृहे काढली, त्यांत १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. उपकार मोठेच. पण तिथे पोर दुसऱ्याच्या आसऱ्याला होते. स्वतःच्या माणसांनी चालवलेली, स्वतःची म्हणावी अशी जागा अजून व्हायची होती.

ती बाबासाहेबांनी केली, आणि का केली हे समजायला दोन खोल्यांची गोष्ट माहीत पाहिजे.

पहिली खोली न्यूयॉर्कची. बाबासाहेब १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. काही काळाने ते लिव्हिंग्स्टन हॉल या विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात राहायला गेले. तिथे नवल भथेना नावाचे पारशी गृहस्थ त्यांचे सोबती झाले आणि ती दोस्ती जन्मभर टिकली. सातासमुद्रापलीकडे जात कोणी विचारली नाही. जेवायला एका टेबलावर, अभ्यासाला एका दिव्याखाली. आपल्या माणसाला काही वर्षे असे राहायला मिळाले तर तो काय होऊ शकतो, हे त्या मुक्कामात दिसले.

दुसरी खोली बडोद्याची. सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती घेतली होती, म्हणून १९१७ च्या सप्टेंबरात बाबासाहेब त्यांच्या नोकरीत रुजू व्हायला बडोद्याला गेले. वय सव्वीस. स्टेशनावर उतरले आणि पहिला सवाल उभा राहिला : उतरायचे कुठे? हिंदूंच्या हॉटेलात घेणार नाहीत. शेवटी पारशी नाव लावून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. दिवसाला दीड रुपया. वरचा मजला, सगळा मोडक्या सामानाने भरलेला, विजेचा दिवा नाही, रात्री कंदील. सोबतीला बोलायला माणूस नाही. अकराव्या दिवशी सकाळी ते कचेरीला निघाले होते, तोच दहा-बारा पारशी हातांत काठ्या घेऊन दारात उभे. तू कोण, आमची जागा का बाटवलीस? संध्याकाळपर्यंत निघ, नाहीतर बघ. एका पारशी मित्राबरोबर जन्माचे नाते जुळले होते आणि त्याच समाजाचे लोक इथे काठ्या घेऊन आले होते. माणूस तोच, फक्त देश बदलला.

मग ते दोन ओळखीच्यांकडे गेले. एक हिंदू. तो म्हणाला, तू आलास तर माझे नोकर निघून जातील. दुसरा ख्रिश्चन. तो म्हणाला, बायको उद्या येते आहे, तिला विचारून सांगतो. हे उत्तर काय असते हे आपल्याला वेगळे सांगायला नको. मुंबईची गाडी रात्री नऊला. तोवर ते कामाठी बागेत बसून राहिले. एवढी मोठी विद्या घेतलेला माणूस बडोद्यात पाठ टेकायला जागा नाही म्हणून झाडाखाली बसला आणि त्याच्या डोळ्यांना पाणी आले. ही हकीकत त्यांनी स्वतः इंग्रजीत लिहून ठेवली. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ती १९९० साली पुस्तिका म्हणून छापली. ज्यांच्या घरी इंग्रजी वाचणारी मुले आहेत त्यांनी ती जरूर मोठ्याने वाचून घ्यावी.

या प्रसंगाला सात वर्षे होतात तोच, २० जुलै १९२४ रोजी, बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. सभेने पहिल्या प्रथम काय केले? ४ जानेवारी १९२५ रोजी सोलापूरला हायस्कूलच्या मुलांसाठी बोर्डिंग काढले. पैसा कुठला? सोलापूर नगरपालिकेने महिना चाळीस रुपये दिले, बाकी समाजाची वर्गणी. मुलांनी 'सरस्वती विलास' नावाचे मासिक चालवले. नाव वाचून आज आपल्या तरुणांना हसू येईल. पण ज्या मुलांच्या बापांना अक्षर शिवायची मनाई होती, त्यांनी आपले मासिक काढले, हे पाहावे, नाव पाहू नये. सभेने मुंबईत मोफत वाचनालय काढले आणि एक हॉकीचा क्लबही. हॉकी कशाला, असे कोणी विचारील. जुगार आणि दारूकडे जाणारी पोरे मैदानाकडे वळावीत म्हणून. पोराला अन्न-वस्त्राइतकाच एक गट लागतो, आपला म्हणावा असा, हे बाबासाहेब जाणून होते.

पुढे १९२८ मध्ये दलित जाती शिक्षण संस्था निघाली आणि सरकारनेही वसतिगृहांना मदत मंजूर केली. धारवाडचे बोर्डिंग बळवंतराव वराळे सांभाळत. माता रमाई धारवाडला गेल्या असताना पोरांच्या पोटाला काही नाही हे पाहून त्यांनी हातातल्या सोन्याच्या बांगड्या काढून दिल्या, ही हकीकत आपल्या घराघरांतून सांगितली जाते. सांगणाऱ्यागणिक तपशील बदलतो. पण बांगड्या काही बदलत नाहीत.

स्वातंत्र्याच्या आधीच, १९४४ साली, व्हॉईसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना बाबासाहेबांनी मॅट्रिकपुढच्या शिक्षणासाठी शिष्यवृत्तीची सोय करून घेतली. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ मध्ये मुंबईला सिद्धार्थ कॉलेज, तेही सकाळचे, म्हणजे पोराला नोकरी करून शिकता यावे. आणि १९५० साली औरंगाबादला कॉलेज, ज्याचे नाव पुढे मिलिंद झाले. मराठवाडा तेव्हा नुकताच निजामाच्या हातून सुटलेला. तिथे पदवीपर्यंतचे कॉलेजच नव्हते. नाव निवडले ते बघा. मिलिंद म्हणजे भंते नागसेनांना प्रश्नावर प्रश्न विचारणारा ग्रीक राजा. परिसराचे नाव नागसेनवन. प्रश्न विचारायला बंदी असलेल्या पोरांना त्यांनी प्रश्न विचारणाऱ्याच्या नावाचे घर दिले.

त्या घरात आलेल्या मुलांपैकी एक प्र. ई. सोनकांबळे. लहानपणीच आईबाप गेले, बहिणीच्या घरी वाढले, आणि भूक कशी असते ते रोज पाहिले. अशा पोराला गाव काय आणि घर काय, दोन्हीकडे उपराच. ते मिलिंदला आले, शिकले आणि पुढे प्राध्यापक झाले. त्यांचे 'आठवणींचे पक्षी' १९७९ साली आले. ते पुस्तक अजून वाचले नसेल तर विहाराच्या वाचनालयात मागा. भाकरीबद्दल इतके साधे आणि इतके खरे मराठीत थोडेच कोणी लिहिले आहे. याच नागसेनवनात गंगाधर पानतावणे सरांच्या 'अस्मितादर्श'ने मूळ धरले. बोर्डिंगातली पोरे रात्री जे बोलत होती ते छापून येऊ लागले.

मात्र सगळे गोड झाले असे लिहिले तर खोटे होईल. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी आपण धम्म स्वीकारला. आपण बौद्ध झालो, आणि केंद्राच्या सवलती गेल्या. दाखल्यावर काय लिहायचे हा घोळ कितीतरी घरांनी पाहिला आहे. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६० मध्ये राज्याच्या सवलती मिळाल्या, पण केंद्रात १९९० पर्यंत थांबावे लागले. म्हणजे एक अख्खी पिढी. स्वाभिमानाने बौद्ध लिहिणाऱ्या पोराला त्याची किंमत रोख मोजावी लागली.

आणि बोर्डिंग सोडल्यावर काय? पोर बी. ए. झाले, आता परत गावी जाऊन पाटलापुढे उभे राहणे त्याला जमेना, आणि शहर त्याला खोली देईना. बी.डी.डी. चाळीच्या एकेका खोलीत दोन-दोन कुटुंबे, तरुण पोरे गॅलरीत नाहीतर फुटपाथवर निजत. वडाळ्याचे सिद्धार्थ विहार हे वसतिगृह अशा पोरांचा अड्डा झाले. १९७० साली संसदेपुढे आलेला एलिया पेरुमल समितीचा अहवाल अत्याचारांनी भरलेला होता. १९७२ च्या मे महिन्यात परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावात आपल्या बायांची विटंबना झाली. त्याच वर्षी नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले या पंचविशी-तिशीच्या तरुणांनी दलित पँथर उभी केली. शिव्या देतात म्हणून आपल्यातल्याच जुन्या मंडळींनी तेव्हा नाके मुरडली. मला स्वतःला वाटते, त्यांची भाषा वेशीबाहेर ठेवलेल्याची होती आणि तिला तो हक्क होता. १९७४ च्या जानेवारीत वरळीला दंगल झाली, आणि १० तारखेच्या मोर्चात वरून फेकलेल्या पाट्याने भागवत जाधव गेला. पँथर पुढे फुटली, १९७७ मध्ये बरखास्तीची घोषणा झाली. तो पाटा मात्र मध्य मुंबईतल्या जुन्या माणसांच्या डोळ्यांपुढून गेलेला नाही.

मी स्वतः एका सरकारी वसतिगृहात पाच वर्षे काढली. आमटीत डाळ शोधावी लागे, पांघरूण घरून आणायचे, आणि परीक्षेच्या दिवसांत दिवे हमखास जायचे. तरी पहिल्या रात्रीची गोष्ट सांगतो. शेजारच्या कॉटवरच्या पोराने विचारले, "गाव कोणतं?" मी सांगितले. पुढचा प्रश्न येईल म्हणून मी वाट पाहत राहिलो. तो म्हणाला, "भाकरी आणलीय का? काढ मग." नोकरी लागल्यावर शहरात खोली पाहायला गेलो, तेव्हा मालकाने आडनाव विचारले, मग "म्हणजे कुठले तुम्ही?" विचारले, आणि खोली कालच दिली असे सांगितले. पाटी मात्र दारावर अजून लटकत होती. तेव्हा मला कॉटवरचे ते पोर आठवले.

आपल्या विहाराच्या मागच्या खोलीत आज सात-आठ मुले अभ्यासाला बसतात, दोघे गावाकडून येऊन तिथेच निजतात. त्यांच्या जेवणाचा वार सहा घरांनी वाटून घेतला आहे, गुरुवार रिकामा आहे. आणि एक विनंती. वंदनेच्या हॉलमध्ये डाव्या कपाटावर एक लांब वही ठेवली आहे. आपल्यापैकी जे जे कोणत्याही बोर्डिंगात राहिले, त्यांनी त्यात बोर्डिंगचे नाव, गाव, साल आणि कॉटशेजारच्या सोबत्याचे नाव लिहावे. आतापर्यंत तेवीस नावे आली आहेत, त्यांत बायांची फक्त दोन.